मराठी माणसानं युक्रेनियन कशी शिकायची: अक्षरांपासून पहिल्या गप्पांपर्यंत

२०१८ साली मेडिकलला म्हणून युक्रेनला निघाले तेव्हा आमच्या एजंटनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "रशियन शिका मॅडम, तिकडं सगळे रशियनच बोलतात." मी शहाण्यासारखा दोन महिने रशियनचा ऑनलाइन क्लास केला, वही भरली, आणि पोचले कुठं तर पश्चिम युक्रेनमध्ये. पहिल्याच दिवशी दुकानात ऐटीत "स्पासिबा" म्हटलं तर काउंटरवरच्या बाईंनी सुट्टे पैसे हातात ठेवत शांतपणे म्हटलं, "द्याकुयु." म्हणजे बाई गं, आमच्याकडं धन्यवादाला हा शब्द आहे. तिथून माझी शून्यापासून सुरुवात झाली. मार्च २०२२ मध्ये घरी परत यावं लागेपर्यंत वॉर्डात पेशंटशी, बाजारात, हॉस्टेलच्या आजींशी बऱ्यापैकी बोलता यायला लागलं होतं. त्या साडेतीन वर्षांत ज्या चुका केल्या त्या तुम्ही परत करू नका म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी ही भाषा इंग्रजीतून शिकायला गेले. पुस्तकं, ॲप, व्हिडिओ सगळं इंग्रजीत, त्यामुळं तीन लिंगं, सात विभक्ती असलं काही आलं की ते लोक घाबरवूनच सांगतात. अरे पण आपल्याकडं हे सगळं आहे की! शाळेत प्रथमा-द्वितीया घोकलेल्या माणसानं युक्रेनियनला घाबरायचं कारण नाही, फक्त मधे इंग्रजीला बसवू नका, सरळ मराठीवरून उडी मारा.

एक सूचना, इथं मी सगळे शब्द देवनागरीत लिहिलेत. ह्रस्व इ आणि दीर्घ ई मुद्दाम वेगळे ठेवलेत, कारण तिकडं ती दोन वेगळी अक्षरं आहेत. ज खाली टिंब म्हणजे झेडचा आवाज, ख खाली टिंब म्हणजे घशातून घासून येणारा उर्दू ख. बाकी जसं लिहिलंय तसं वाचा.

१. आधी ठरवा: युक्रेनियन म्हणजे रशियन नव्हे

दोन्ही भाषा चुलत बहिणी आहेत, लिपी जवळपास एक, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पण शब्दसंपत्तीत युक्रेनियन ही रशियनपेक्षा बेलारूसी आणि पोलिशला जास्त जवळची आहे. १९९६ च्या राज्यघटनेनुसार युक्रेनची राज्यभाषा युक्रेनियन, आणि १६ जानेवारी २०२१ पासून दुकान, हॉटेल, सलून सगळीकडं ग्राहकाशी आधी युक्रेनियनमध्येच बोलायचं असा कायदा आहे. त्यामागं जुनं दुखणं आहे. रशियाच्या झारनं १८७६ मध्ये युक्रेनियनमध्ये पुस्तकं छापण्यावरच बंदी घातली होती. त्यामुळं "दोन्ही सारखंच की हो" हे वाक्य तिथं कुणासमोर टाकू नका, मी टाकलंय, पुढची दहा मिनिटं फार अवघड गेली.

आणि सारखे दिसणारे शब्द तर पक्के दगा देतात. युक्रेनियनमध्ये 'नेदील्या' म्हणजे रविवार, रशियनमध्ये जवळपास हाच शब्द म्हणजे आठवडा. 'चास' म्हणजे युक्रेनियनमध्ये वेळ, रशियनमध्ये तास. सगळ्यात भारी म्हणजे 'व्रोद्लिविय'. युक्रेनियनमध्ये सुंदर, आणि रशियनमधला त्याचा जुळा भाऊ म्हणजे कुरूप. एखाद्या मुलीचं कौतुक करायला जाल आणि रशियन क्लासवाली मैत्रीण शेजारी उभी असली तर काय होईल बघा.

२. सामान जमवा

फार काही लागत नाही, पण हे आधीच करून ठेवा:

- मोबाईलमध्ये युक्रेनियन कीबोर्ड. यादीत रशियनही दिसतो, तो घेऊ नका, त्यात चार अक्षरं सापडणारच नाहीत.
- चार रेघी वही. हसू नका, हाताची लिपी वेगळी आहे, त्यावर पुढं सांगते.
- तीन रंगांची पेनं. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी शब्द तीन रंगांत लिहायला.
- 'होरोख़' नावाची ऑनलाइन डिक्शनरी. होरोख़ म्हणजे मटार. कुठल्याही शब्दाची सगळी विभक्तीरूपं आणि जोर कुठं द्यायचा ते दाखवते, फुकट.
- ऐकायला काहीतरी रोज. 'युक्रेनियन लेसन्स' नावाचा पॉडकास्ट नवशिक्यांसाठी चांगला आहे. ड्युओलिंगोवरही कोर्स आहे, शब्द पाठ व्हायला ठीक, व्याकरण मात्र तो समजावत बसत नाही.
- शाळेतलं मराठी व्याकरणाचं पुस्तक. घरात कुठंतरी असेलच, शोधा.

३. अक्षरं: तेहेतीस आहेत, तीन डब्यांत घाला

पहिल्या डब्यात सात, जी इंग्रजीसारखीच दिसतात आणि साधारण तशीच वाजतात: आ, ए, ई, क, म, ओ, त. ही पाच मिनिटांत झाली.

दुसऱ्या डब्यात सहा चोर. दिसायला इंग्रजी, आवाज भलताच. इंग्रजी बी सारखं दिसतं ते 'व'. एच दिसतं ते 'न'. पी दिसतं ते 'र'. सी म्हणजे कायम 'स'. वाय म्हणजे 'उ'. एक्स म्हणजे 'ख़'. ही सहा नीट घोटली नाहीत तर रेस्टॉरंटची पाटी तुम्ही 'पेक्टोपाह' अशी वाचणार, ती असते 'रेस्तोरान'. माझ्या बॅचमधला प्रत्येक जण पहिला आठवडा पेक्टोपाहमध्ये जेवला आहे.

तिसऱ्या डब्यात उरलेली वीस, नवीन चेहऱ्याची. चित्रानं लक्षात ठेवा. दाराची चौकट म्हणजे 'प'. आकडा तीन म्हणजे 'ज़'. आकडा चार म्हणजे 'च'. तीन दातांचा काटा 'श', त्यालाच शेपूट आलं की 'श्च', म्हणजे आपल्या पश्चिम मधला. उलटा आर म्हणजे 'या'. सहा पायांचा किडा म्हणजे ट्रेझर, मेझर मधला 'झ'. इंग्रजी एन उलटा छापल्यासारखा दिसला की ती ह्रस्व 'इ', आणि हा आवाज इ आणि ए च्या मधे कुठंतरी पडतो, जीभ जरा खाली ठेवा.

दोन टिंबं डोक्यावर असलेली ई म्हणजे 'यी'. हे अक्षर रशियनमध्ये नाही, त्यामुळं पाटी युक्रेनियन आहे की रशियन ते ओळखायची ही सोपी खूण. युद्धात मारिउपोलसारख्या रशियाच्या ताब्यात गेलेल्या शहरांत लोकांनी निषेध म्हणून भिंतींवर हे एकच अक्षर रंगवलं, यावरून त्याचं वजन समजून घ्या. तसंच 'ग' चं अक्षर. दिसायला त्यांच्या 'ह' च्या अक्षरासारखंच, फक्त डोक्यावर वर वळलेली छोटी चोच. सोव्हिएत काळात १९३३ मध्ये ते वर्णमालेतून काढून टाकलं आणि १९९० मध्ये परत घेतलं.

शेवटी एक मुकं अक्षर आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही, आधीच्या व्यंजनाला मऊ करतं. 'देन' म्हणजे दिवस, त्यातला न असा मऊ, जीभ टाळूला लावून. देवनागरीत दाखवता येत नाही, ऐकूनच घ्या. आणि अपोस्ट्रॉफी गाळू नका, ती सजावट नाही. मांसाला म-यासो म्हणायचं, मधे किंचित तोडून, 'म्यासो' असं एकजीव करायचं नाही.

हाताची लिपी: छापील 'त' हातानं लिहिला की इंग्रजी एम सारखा दिसतो, छापील 'द' हातात जी सारखा होतो, आणि ह्रस्व इ चा यू होतो. आमच्या सरांच्या बोर्डवरच्या नोट्स मला पहिलं सेमिस्टर कळल्याच नाहीत, मला वाटायचं ते लॅटिन लिहितायत. म्हणून ती चार रेघी वही. रोज एक पान गिरवा.

४. उच्चार: इथं आपण फुकटात पास

ही भाषा बरीचशी लिहिते तशी बोलते, आपल्यासारखीच. दुधाला 'मोलोको' लिहितात आणि 'मोलोको'च म्हणतात, रशियन लोक तेच 'मलाको' करतात. शेवटचा ब ब च राहतो, पाव म्हणजे 'ख़्लीब', ख़्लीप नाही.

मराठी माणसाचा खरा फायदा च आणि ज मध्ये आहे. आपल्याकडं चार मधला च वेगळा, चोर मधला वेगळा, आणि एकट्या 'चिंच' या शब्दात दोन्ही बसलेत. युक्रेनियनमध्ये या दोन आवाजांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. आमच्या बॅचची उत्तरेकडची मुलं चोर मधल्या च साठी 'त्स त्स' करत धडपडायची, आम्हाला काहीच करावं लागलं नाही. साखर म्हणजे 'त्सुकोर', तो त्स म्हणजे आपला चोरातला च. आणि हा शब्द फिरत फिरत मूळ आपल्या शर्करेपासूनच तिकडं पोचलाय. तसंच जीभ मधला ज आणि जाड मधला ज, दोन्ही तिथं आहेत.

दुसरा फायदा 'ह'. युक्रेनियन ह हा अगदी आपला भरीव ह आहे, इंग्रजीतला पोकळ नाही. चलन म्हणजे 'ह्रिव्न्या', रशियन सवयीनं ग्रिवना म्हणू नका. डोकं म्हणजे 'होलोवा'. गोगोल हा लेखक तिथं 'होहोल' असतो. तिसरं, त आणि द आपलेच दाती, इंग्रजीचा ट ड इथं घुसवू नका. 'हो' ला म्हणतात 'ताक'. होय, ताक! पहिल्या महिन्यात कुणी "ताक, ताक, ताक" असं फोनवर बोलत गेलं की मला जेवणाची आठवण यायची. नाही म्हणजे 'नी', तेही ओळखीचंच.

अवघड जागा एकच, जोर. तो शब्दात कुठंही पडतो आणि छापलेला नसतो. 'ज़ामोक' मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. याला नियम शोधू नका, प्रत्येक नवा शब्द जोरासकट पाठ करा, वहीत त्या स्वरावर तिरकी रेघ मारा.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर 'पाल्यानित्स्या' म्हणून बघा. हा एक प्रकारचा गोल पाव. २०२२ मध्ये अनोळखी माणूस आपला आहे का रशियन हे ओळखायला लोक हाच शब्द म्हणायला लावायचे, कारण रशियन तोंडाला तो नीट जमत नाही.

५. पहिली वाक्यं, ही आधी तोंडात बसवा

प्रिवीत: हाय, ओळखीच्यांना.
दोब्रिय देन: नमस्कार, कुणालाही.
दो पोबाचेन्न्या: येतो, भेटू परत.
द्याकुयु: धन्यवाद.
बुद् लास्का: प्लीज, आणि "अहो त्यात काय" याच्यासाठीही हेच.
विबाच्ते: माफ करा.
मेने ज़्वाति अमुक: मला अमुक म्हणतात.
या ने रोज़ुमीयु: मला कळत नाही.
होवोरीत पोवील्नीशे: जरा हळू बोला.
दे तुआलेत: टॉयलेट कुठंय. 'दे' म्हणजे कुठे, द्यायला सांगत नाहीयेत तुम्ही.
स्कील्कि कोश्तुये: केवढ्याला.
बेज़ म-यासा: बिनमांसाचं.

शेवटचं वाक्य शाकाहारी मंडळींनी गोंदवून घ्यावं. बोर्श्च हे त्यांचं बीटाचं सूप, २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण बहुतेक वेळा मांसाच्या रश्श्यात शिजवलेलं असतं. 'वारेनिकि' म्हणजे उकडलेल्या करंज्या म्हणा, बटाट्याचं सारण मागितलं तरी वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे, 'श्क्वार्कि', टाकून येतात. म्हणून "बेज़ म-यासा, बेज़ साला, बेज़ श्क्वारोक" असा पूर्ण मंत्र म्हणायचा, 'सालो' म्हणजे ती डुकराची चरबी. साध्या "मी शाकाहारी"वर विसंबलात तर चिकन येतं, स्वानुभव.

६. 'मला आवडतं' वाली वाक्यं

इंग्रजीतून शिकणारे इथं अडकतात आणि आपण पळत सुटतो. इंग्रजीत 'मी' आवडवतो, 'मी' बाळगतो, सगळं मी मी. युक्रेनियन मात्र आपल्यासारखी विचार करते.

मेनी पोदोबायेत्स्या: मला आवडतं.
मेनी ख़ोलोद्नो: मला थंडी वाजतेय.
मेनी त्रेबा: मला पाहिजे, मला गरज आहे.
उ मेने ये ब्रात: मला भाऊ आहे. शब्दशः माझ्यापाशी आहे भाऊ.

आणि 'आहे' नसला तरी चालतं. "या स्तुदेन्त्का", मी विद्यार्थिनी, झालं वाक्य. वॉर्डात पेशंटला पहिला प्रश्न असतो "श्चो वास बोलित?" मला वाटायचं बोलायबिलायचं काहीतरी विचारतायत. 'बोलित' म्हणजे दुखतं. काय दुखतंय तुम्हाला, एवढंच.

७. लिंग, आणि कोल्हापूरच्या मुलींना खास इशारा

तीन लिंगं आहेत, पण मराठीपेक्षा सोपी, कारण शब्दाचा शेवट बघून कळतात. व्यंजनावर संपला तर पुल्लिंगी, आ किंवा या वर संपला तर स्त्रीलिंगी, ओ किंवा ए वर संपला तर नपुंसकलिंगी. अपवाद थोडे, 'तातो' म्हणजे बाबा, ते ओ वर संपले तरी बाबाच. 'नीच' म्हणजे रात्र, व्यंजनावर संपते तरी स्त्रीलिंगी. मराठीतलं लिंग मात्र बरोबर नेऊ नका, आपलं पुस्तक 'ते', त्यांची 'क्निहा' ती.

भूतकाळात क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणं बदलतं, मी गेलो, मी गेले सारखं. मुलगा म्हणणार "या बुव", मुलगी म्हणणार "या बुला", मी होतो, मी होते. आता मी कोल्हापूरची, आमच्याकडं मुली बिनधास्त "आलो, गेलो, जेवलो" म्हणतात आणि कुणाला काही वाटत नाही. त्यात माझ्या नोट्स एका सीनियर दादाच्या होत्या. त्यामुळं पहिले दोन महिने मी सगळीकडं पुल्लिंगी बोलत फिरत होते आणि हॉस्टेलच्या आजी दरवेळी खो खो हसून "ला! ला! ला!" करायच्या. मुलींनो, भूतकाळात शेवट 'ला'. दादांच्या नोट्स घेतल्या तरी एवढं बदलून घ्या.

८. विभक्ती: सात आहेत, आपल्याकडं आठ

प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी आणि संबोधन, सगळ्या हजर. फक्त पंचमी वेगळी नाही, ती षष्ठीतच भागवतात. बदलतं काय, तर शब्दाचा शेवट. आपण आधी सामान्यरूप करतो आणि मग प्रत्यय लावतो, ते थेट शेपूटच बदलतात.

ल्वीव शहर घ्या. ल्वीवमध्ये म्हणजे 'उ ल्वोवी', ल्वीवला जायचं तर 'दो ल्वोवा', ल्वीवहून आले तर 'ज़ी ल्वोवा'. मधला ई कुठं गेला, ओ कसा आला? माझंही डोकं फिरलं होतं, मग लक्षात आलं, आपण तरी कोल्हापूर लिहितो आणि कोल्हापुरात म्हणताना पू ऱ्हस्व करतोच की. गूळ पण गुळाचा, मूल पण मुलाला. त्यांचं तसंच, मांजर 'कीत', मांजराचं 'कोता'. शब्द लांबला की ई चा ओ होतो, अशा शब्दांचा एक गठ्ठा आहे, ओळखीचा झाला की खटकत नाही.

सात विभक्तींचे तक्ते पहिल्या दिवशी पाठ करू नका. मी केले, परीक्षेत मार्क मिळाले, बाजारात तोंडातून एक शब्द फुटला नाही. त्यापेक्षा हा क्रम धरा. आधी द्वितीया, कारण काहीतरी मागायला लागतंच, पाणी 'वोदा' पण पाणी द्या म्हणताना 'वोदु'. मग षष्ठी, कारण 'बेज़' म्हणजे 'शिवाय' याच्यानंतर ती येते, आणि 'नाहीये' म्हणतानाही. चहा बिनसाखरेचा हवा तर 'चाय बेज़ त्सुक्रु'. मग सप्तमी, कुठं राहता ते सांगायला. बाकीच्या येतील मागून.

सप्तमीतला एक सापळा मात्र आत्ताच सांगते. युक्रेनमध्ये म्हणायचं तर 'व उक्रायीनी', म्हणजे 'आत'. जुन्या पुस्तकांत आणि रशियन सवयीत 'ना उक्रायीनी' सापडेल, म्हणजे 'वर', जसं एखाद्या मुलखावर, सीमेवर. स्वतंत्र देशाला 'व' लागतं असं लोकांचं ठाम म्हणणं आहे. एका अक्षरानं समोरच्याचा चेहरा बदलतो.

संबोधन मला सगळ्यात गोड वाटतं. रशियनमध्ये ते जवळपास संपलं, युक्रेनियननं टिकवलं. आपण मित्र चं मित्रा करतो, ते 'द्रुह' चं 'द्रुझे' करतात. मामा म्हणजे आई, हाक मारताना 'मामो'. तातो चं 'तातु'. आजी 'बाबुस्या', हाक 'बाबुस्यु'. ओलेना नावाची मुलगी असेल तर 'ओलेनो!' नाव नुसतं प्रथमेत फेकलंत तरी कळेल, पण संबोधन वापरलंत की समोरचा माणूस वळून बघतो, हा परदेशी आणि असं बोलतो!

९. क्रियापदाची जोडी

इथं खरंच वेळ द्या. जवळपास प्रत्येक क्रियापद जोडीनं येतं, एक चालू असलेल्या किंवा नेहमीच्या कामाचं, दुसरं संपलेल्या कामाचं. 'चिताति' म्हणजे वाचणं, 'प्रोचिताति' म्हणजे वाचून काढणं. 'पिसाति' लिहिणं, 'नापिसाति' लिहून टाकणं. 'रोबिति' करणं, 'ज़्रोबिति' करून टाकणं. मराठीत टाकणे, काढणे लावून जे आपण करतो ते हे लोक पुढं उपसर्ग लावून करतात. तंतोतंत जुळत नाही, पण डोक्यात दिवा पेटायला पुरेसं आहे.

एकदा प्रॅक्टिकलचा रिपोर्ट केला का असं मॅडमनी विचारलं, मी अभिमानानं "या रोबिला". मॅडम म्हणाल्या, करत होतीस ते कळलं, झाला का? मला म्हणायचं होतं "या ज़्रोबिला". रिपोर्ट हातात होता तरी मी न झालेला सांगत होते. तेव्हापासून वहीत एकटं क्रियापद लिहायचं बंद केलं, कायम जोडी.

१०. आकडे, पैसे, तारखा

ओदिन, द्वा, त्रि, चोतिरि, प-यात, शीस्त, सीम, वीसीम, देव-यात, देस्यात. त्रि आणि द्वा बघून संस्कृत आठवलंच असेल. नातं खरंच आहे, दोन्ही भाषा इंडो-युरोपियन. विस्तव 'वोहोन', आपला अग्नी. आकाश 'नेबो', नभ. विधवा 'व्दोवा'. नवऱ्याचा भाऊ 'दीवेर', आपला दीर! हे मी आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

आकडे आपल्यापेक्षा फार सरळ आहेत. एकोणसत्तर, एकोणऐंशी असली भानगड नाही, वीस एक, वीस दोन असं क्रमानं. फक्त चाळीस 'सोरोक' आणि नव्वद 'देव-यानोस्तो' जरा वेगळे. त्रास मोजलेल्या वस्तूचा होतो. एक असेल तर 'ओद्ना ह्रिव्न्या', दोन ते चार 'ह्रिव्नी', पाच आणि पुढं 'ह्रिवेन'. परत एकवीसला 'ह्रिव्न्या'. दुकानात हे चुकलं तरी पैसे तेवढेच घेतात, काळजी नको.

महिन्यांची नावं मात्र पाठच करा, इंग्रजीशी काहीही संबंध नाही, आणि फॉर्मवर, औषधावर, तिकिटावर सगळीकडं हीच असतात. जानेवारीपासून: सीचेन, ल्युतिय, बेरेज़ेन, क्वीतेन, त्रावेन, चेर्वेन, लिपेन, सेर्पेन, वेरेसेन, झोव्तेन, लिस्तोपाद, ह्रुदेन. अर्थ कळला की सोपं जातं. ल्युतिय म्हणजे क्रूर, फेब्रुवारीची थंडी अंगावर घेतली की पटतं. सेर्पेन मध्ये विळा आहे, कापणीचा ऑगस्ट. झोव्तेन पिवळा. लिस्तोपाद म्हणजे पानगळ, नोव्हेंबर. माझ्या मैत्रिणीनं चेर्वेन आणि वेरेसेन यांत घोळ घातला आणि जूनच्या अपॉइंटमेंटला सप्टेंबरची तयारी करत बसली.

११. कागदपत्रांवरचं नाव

हे भाषेचंच काम आहे पण कुणी सांगत नाही. शिकायला किंवा कामाला तिथं गेलात की पासपोर्ट, मार्कशीट, जन्मदाखला यांची युक्रेनियन भाषांतरं नोटरी करून घ्यावी लागतात, आणि त्यात तुमचं नाव त्यांच्या लिपीत लिहिलं जातं. प्रत्येक भाषांतरकार आपल्या मनानं लिहितो. आमच्या बॅचमधला गायकवाड एका कागदावर 'हायक्वाद' झाला, कारण ग साठी त्या माणसानं ह चं अक्षर वापरलं, आणि दुसऱ्या कागदावर तो गायकवाडच राहिला. मग राहण्याच्या परवान्याच्या वेळी, त्याला 'पोस्वीद्का' म्हणतात, ही दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध करत फिरला. पहिल्याच भाषांतराच्या वेळी स्वतः वाचून बघा, एक स्पेलिंग ठरवा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि पुढं सगळीकडं तेच दाखवा. अक्षरं शिकायचा हा पहिला रोख फायदा.

फॉर्मवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव विचारतात. आपल्याला नवं नाही, शाळेपासून तसंच लिहितो. वडिलांच्या नावाच्या रकान्याला 'पो बात्कोवी' म्हणतात.

१२. माणसांशी बोलताना

'ति' म्हणजे तू, 'वि' म्हणजे तुम्ही. अनोळखी माणूस, मोठा माणूस, डॉक्टर, ऑफिसातली बाई, सगळ्यांना 'वि'. समोरच्यानं स्वतः सांगितल्याशिवाय 'ति'वर यायचं नाही. शिक्षकांना नाव आणि वडिलांच्या नावावरून केलेलं रूप लावून हाक मारतात, नुसतं 'सर' तिथं नाही. बाकी ठिकाणी 'पाने' किंवा 'पानी' आणि पुढं नाव, पाने म्हणजे साहेब, पानी म्हणजे बाई. डॉक्टरांना 'पाने लीकार्यु'.

लोक प्रत्यक्षात बोलतात ते पुस्तकासारखं असेलच असं नाही. युक्रेनियन आणि रशियनची भेसळ बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, तिला 'सुर्झिक' म्हणतात. आपलं मुंबईत मराठी-हिंदी होतं तसं समजा. ऐकून कळलं पाहिजे, पण सुरुवातीला स्वतः उचलू नका, नंतर कुठला शब्द कुठला ते वेगळं करता येत नाही. २०२२ नंतर आयुष्यभर रशियन बोललेले कितीतरी लोक ठरवून युक्रेनियनवर आलेत, तेही अडखळतात, तेव्हा तुमच्या अडखळण्याला कुणी हसणार नाही. आता तर सराव करायला युक्रेनला जायचीही गरज नाही, एकट्या जर्मनीत दहा लाखांहून जास्त युक्रेनियन आले आहेत, तिकडं राहणाऱ्या मराठी लोकांच्या बिल्डिंगमध्ये एखादं घर असेलच.

मेसेज लिहिताना ट्रान्सलेट ॲप वापराल, मीही वापरते, पण थेट कॉपी-पेस्ट करू नका. 'मी दमले' लिहिलं तरी ते बऱ्याचदा पुल्लिंगी करून देतं, आणि तुम्ही आणि तू यातही गडबड करतं, कॉलेजच्या मॅडमना सरळ 'ति' घालून मोकळं. म्हणून पाठवायच्या आधी दोनच गोष्टी तपासा: आपण मुलगी असू तर भूतकाळाच्या शेवटी 'ला' आलंय का, आणि समोरची व्यक्ती मोठी असेल तर 'ति' कुठं शिरलंय का. नसेल तर करा सेंड.